विश्लेषण : डोळ्यांच्या मेकअपमधल्या पाऱ्याला इतकी वर्षं सूट का होती? काजळ, सुरमा, मस्कारा वापरताना खरा धोका कुठे आहे?

सौंदर्यप्रसाधनांतून पारा पूर्णपणे हद्दपार करण्यासाठी जगाने ठरवलेली मुदत होती २०२५. पाऱ्याच्या वापरावर मर्यादा घालणाऱ्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात झालेल्या परिषदेत हा निर्णय घेतला. पारा घातलेलं कोणतंही कॉस्मेटिक या मुदतीनंतर बनवायचं नाही आणि त्याची आयात-निर्यातही करायची नाही, असं त्यात ठरलं.

बातमी वाचून अनेकांना वाटलं असेल की हे गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल आहे. ते अर्धंच खरं आहे. एक पीपीएमपेक्षा जास्त पारा असलेल्या क्रीम आणि साबणांना करारात आधीपासूनच मनाई होती आणि त्यासाठी २०२० ची मुदत होती. पण त्या मनाईतून एक गोष्ट मुद्दाम वगळलेली होती, ती म्हणजे डोळ्यांभोवती लावायची प्रसाधनं. काजळ, मस्कारा, आयलायनर. २०२३ मध्ये ही सूट काढून टाकण्यात आली.

शरीराच्या सगळ्यात नाजूक भागाजवळ लावायच्या वस्तूलाच विषारी धातूची सवलत, हे ऐकायला विचित्र वाटतं. मात्र त्यामागे एक कारण होतं, आणि डोळ्यांच्या मेकअपचा धोका समजून घ्यायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

सूट होती तरी का?

पारा काजळात रंगासाठी किंवा चमकेसाठी घातला जात नव्हता. थायोमर्सल किंवा फिनाइलमर्क्युरिक क्षारांसारखी पाऱ्याची संयुगं जंतू मारतात. अगदी थोड्या प्रमाणात ती घातली की बाटलीतला मस्कारा किंवा लिक्विड लायनर महिनोन्‌महिने खराब होत नाही. म्हणजे इथे पारा प्रिझर्व्हेटिव्हचं काम करतो.

आता लिपस्टिकमध्ये जंतू वाढले तर फार तर ओठाला त्रास होईल. डोळ्याचं गणित वेगळं आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, मस्काराच्या ब्रशने बारीकसा ओरखडा गेला आणि त्याच ब्रशवर स्युडोमोनास जातीचे जिवाणू असतील, तर एक-दोन दिवसांत तिथे व्रण होऊ शकतो. व्रण भरला तरी पांढरा डाग राहतो आणि नजर कायमची अधू होते. हे पुस्तकी भय नाही. दूषित मस्कारामुळे कॉर्नियावर व्रण झालेल्या रुग्णांची नोंद अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी १९७७ मध्येच प्रसिद्ध केली होती.

त्यामुळे नियम करणाऱ्यांसमोर दोन वाईटांतून एक निवडायची वेळ होती. थोडा पारा की दृष्टी घालवणारे जंतू? त्यांनी पहिला पर्याय निवडला. अमेरिकेच्या नियमात डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ६५ पीपीएमपर्यंत पारा चालत होता, तोही दुसरं सुरक्षित प्रिझर्व्हेटिव्ह उपलब्ध नसेल तरच. युरोपीय संघाने मर्यादा ७० पीपीएम ठेवली. भारतानेही तीच ठेवली.

अमेरिकेत यात सगळ्यात आधी वेगळी वाट धरली ती मिनेसोटा राज्याने. तिथे १ जानेवारी २००८ पासून मस्कारा आणि आयलायनरमध्ये पारा घालण्यावर बंदी आली. तोवर फेनॉक्सीइथॅनॉलसारखी पर्यायी प्रिझर्व्हेटिव्ह बाजारात रुळली होती आणि मोठ्या कंपन्यांनी पारा जवळपास सोडलाच होता. त्यामुळे बंदीने काही अडलं नाही. जगाला हाच निष्कर्ष काढायला पुढे पंधरा वर्षं लागली.

भारतातला नियम काय म्हणतो?

भारतात सध्या कॉस्मेटिक्स नियम, २०२० लागू आहेत. त्यानुसार फक्त डोळ्यांभोवती वापरायच्या प्रसाधनांत प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून ७० पीपीएमपर्यंत पारा चालतो. इतर प्रसाधनांत तो मुद्दाम घालता येत नाही, नकळत आलाच तर एक पीपीएमच्या आत असावा लागतो.

७० पीपीएम म्हणजे किती? बाजारातल्या बऱ्याच काजळ पेन्सिलींत ०.३५ ग्रॅम काजळ असतं. नियमाची कमाल मर्यादा गाठली तरी अशा अख्ख्या पेन्सिलीत साधारण २५ मायक्रोग्रॅम पारा येईल, म्हणजे एका मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग. ती पेन्सिल दोन-तीन महिने पुरते. त्यामुळे कपाटातलं काजळ फेकून द्या, अशी घबराट पसरवण्याचं कारण नाही. शिवाय मेणाच्या पेन्सिलीत पाणी जवळपास नसतं, तिला प्रिझर्व्हेटिव्हची गरजच कमी पडते.

तरीही पारा नको असण्याची कारणं पक्की आहेत. तो मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेवर परिणाम करतो, काहींना त्याच्या संयुगांची ॲलर्जी असते आणि तोंड धुतल्यावर तो नाल्यातून नदीत जातो. मिनामाता करार झाला तो मुळात या शेवटच्या कारणासाठी. सौंदर्यप्रसाधनातला पारा काय करू शकतो याचं उदाहरण महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला आणि त्या वापरत असलेल्या स्थानिक क्रीममध्ये भरमसाठ पारा सापडला, ही बातमी २०२३ मध्ये गाजली होती. ते क्रीम चेहऱ्याचं होतं, त्यातलं प्रमाण नियमाच्या कितीतरी पट होतं आणि डोळ्यांच्या सवलतीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण कायदा कागदावर असणं आणि डबीत उतरणं यातलं अंतर त्यातून दिसलं.

आंतरराष्ट्रीय परिषदेतला निर्णय देशाच्या नियमांत आणावा लागतो. भारतातही प्रसाधनांतून पारा पूर्ण काढण्याच्या हालचाली सुरू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या.

पारा गेल्यावर जंतूंचं काय?

ही बाजू चर्चेत फारशी येत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह कोणतंही असो, ते मर्यादित काळच टिकतं. मस्काराचा ब्रश पापणीला लागतो, पापणीवरचे जिवाणू घेऊन परत बाटलीत जातो आणि हे रोज होतं. ओलसर, बंद, अंधारी बाटली जंतूंना मानवते. म्हणून मस्कारा आणि लिक्विड लायनर उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत टाकून द्या, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. निम्मा मस्कारा शिल्लक असताना तो टाकणं जिवावर येतं हे खरं, विशेषतः लग्नसराईपुरता वापरून बाकी वर्ष कपाटात ठेवणाऱ्यांच्या. त्यांनी लहान बाटली घ्यावी.

वाळलेल्या मस्कारात पाण्याचे थेंब टाकून तो पातळ करणं किंवा काजळाची कांडी थुंकीने ओली करणं हे तर जंतूंना आमंत्रणच. पावडर आयशॅडो आणि मेणाची पेन्सिल यांत पाणी नसल्याने त्या जास्त टिकतात. पेन्सिलीला वेळोवेळी टोक केलं की वरचा दूषित थर निघूनही जातो. जेल लायनरची डबी मात्र बोटाने वापरली की लवकर खराब होते.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सामायिक वापर. शाळेच्या गॅदरिंगला एकच काजळ घेऊन बाई वीस-पंचवीस मुलींचे डोळे रंगवतात, हे दृश्य महाराष्ट्रात कुणाला नवं नाही. भारूड, लेझीम, कोळी नृत्य, काहीही असो, रांग एक आणि काजळ एक. त्यात एकीला डोळे आलेले असतील किंवा रांजणवाडी असेल तर ती साथ पुढच्या सगळ्यांना वाटली जाते. पार्लरमध्ये आणि मॉलमधल्या टेस्टरबाबतही हेच. पार्लरवालीने एकदाच वापरायचे ब्रश घेतले आहेत का, हे विचारण्यात संकोच वाटायला नको. लग्नात नवरीच्या मेकअपवर हजारो रुपये मोजणाऱ्यांनी तरी स्वतःचं काजळ आणि मस्कारा बरोबर न्यावा.

आता काजळ लावायचं कुठे? नेत्रतज्ज्ञांचा सल्ला असतो की पापणीच्या केसांच्या बाहेरच्या बाजूला रेघ ओढा, आतल्या ओलसर कडेला नको. त्या कडेवर तेलग्रंथींची बारीक तोंडं असतात. त्यांतून येणाऱ्या तेलामुळे अश्रूंचा थर लगेच सुकत नाही. ती तोंडं काजळाने बुजली की डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, रांजणवाडी होते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१५ मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात आतल्या कडेला लावलेल्या लायनरचे १५ ते ३० टक्के जास्त कण अश्रूंच्या थरात गेलेले दिसले, आणि तेही पाच मिनिटांच्या आत.

अडचण अशी की आपल्याकडे काजळ ‘घालतात’. ते आतच घालायचं असतं, बाहेर काढलेली रेघ म्हणजे लायनर. त्यामुळे हा सल्ला कुणी पाळेल अशी फार आशा नाही. निदान ज्यांना कॉन्टॅक्ट लेन्स आहेत किंवा डोळे कोरडे पडतात त्यांनी तरी तो पाळावा. लेन्स मेकअपच्या आधी घालायची आणि मेकअप उतरवण्याच्या आधी काढायची. बाकीच्यांनी रात्री झोपताना काजळ पुसून काढलं तरी बराच फरक पडतो. चालत्या रिक्षात किंवा लोकलमध्ये डोळ्याजवळ टोकदार वस्तू नेऊ नये, हे सांगायला नेत्रतज्ज्ञाची गरज नाही. पण कॉर्नियाचे ओरखडे असेच होतात.

पाऱ्यापेक्षा मोठा प्रश्न शिशाचा

इथपर्यंत सगळं लेबल असलेल्या मालाबद्दल झालं. खरी चिंता लेबल नसलेल्या डबीची आहे.

‘काजळ’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दिव्याची काजळी तेला-तुपात खललेली, ती पहिली. मेणात आयर्न ऑक्साइड किंवा कार्बनचा काळा रंग घातलेली कंपनीची पेन्सिल, ती दुसरी. आणि काळ्या चमकदार खनिजाची वस्त्रगाळ पूड, म्हणजे सुरमा, ती तिसरी. सुरमा मूळचा अँटिमनीच्या खनिजाचा मानला जातो. पण दिसायला तसंच आणि सहज मिळणारं दुसरं खनिज आहे गॅलिना, म्हणजे शिशाचं सल्फाइड. अनेक ठिकाणी सुरमा म्हणून तेच विकलं जातं. डोळ्यांनी पाहून दोन्हींत फरक करता येत नाही.

याचं प्रमाण किती असू शकतं, हे अमेरिकेतल्या दोन नोंदींवरून कळतं. बोस्टनमध्ये २०११ मध्ये सहा महिन्यांच्या एका बाळाच्या रक्तात शिसं आढळलं. त्याच्या डोळ्यांना नायजेरियातून आणलेलं ‘टिरो’ लावलं जात होतं आणि त्यात ८२.६ टक्के शिसं निघालं. २०१३ मध्ये न्यू मेक्सिकोत अफगाणिस्तानातून आणलेल्या काजळात ५४ टक्के शिसं सापडलं. भारतीय नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांत वापरायच्या सेंद्रिय रंगांत शिसं २० पीपीएमपेक्षा जास्त असू नये आणि रंगासाठी शिशाची संयुगं वापरूच नयेत. ५४ टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार पीपीएम. मर्यादेच्या सत्तावीस हजार पट! पाऱ्याच्या ७० पीपीएमची चर्चा करताना हा आकडा शेजारी ठेवायला हवा.

‘डोळ्यात घातलेलं पोटात कसं जाईल?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उघडते, म्हणून तर रडताना नाक गळतं. त्या वाटेने अश्रूंबरोबर सुरम्याचे कण घशात उतरतात. लहान मुलं डोळे चोळतात आणि तीच बोटं तोंडात घालतात, ही दुसरी वाट. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट जास्त शोषतात आणि शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल अभ्यासात मागे पडतं, चिडचिडं होतं, आणि कारण काजळाच्या डबीत असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाची पातळी चिंताजनक असल्याचा अंदाज मांडला होता. त्यात बॅटऱ्या, रंग, मसाले, भांडी असे अनेक स्रोत येतात. सुरमा त्यातला एक छोटा वाटेकरी असेल, पण टाळायला सगळ्यात सोपा.

सुरम्याच्या बाजूने एक मुद्दा नेहमी येतो, तो परंपरेचा. हजारो वर्षं लोक लावत आले, त्याने डोळे थंड राहतात. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी प्राचीन इजिप्तच्या काजळाबद्दल असं मांडलंही होतं की त्यातले शिशाचे क्षार अगदी कमी मात्रेत शरीराची जंतूंशी लढण्याची यंत्रणा जागी करत असावेत. नाईल नदीकाठी, प्रतिजैविकं नसलेल्या काळात त्याचा उपयोग झालाही असेल. आज डोळ्याच्या संसर्गावर औषधाच्या दुकानात थेंब मिळतात, शिसं घालून घेण्याची गरज उरलेली नाही.

अमेरिकेच्या एफडीएने तर खनिज सुरमा किंवा कोहलला रंगद्रव्य म्हणून मान्यताच दिलेली नाही. असा माल तिथे आयात करता येत नाही. न्यू जर्सीतल्या मुलीकडे बाळंतपणासाठी निघालेल्या मराठी आईच्या बॅगेत काजळाची डबी असतेच. तिकडच्या डॉक्टरांनी बाळाचे काळे डोळे पाहून रक्त तपासायला सांगितलं, तर तो अपमान नसतो.

भारतात आणखी एक गुंता आहे. सुरमा बऱ्याचदा युनानी औषध म्हणून विकला जातो. तेव्हा त्याला कॉस्मेटिकचा नव्हे, आयुष औषधाचा परवाना लागतो. आणि जत्रेत, उरुसात, फुटपाथवर सुट्या विकल्या जाणाऱ्या पुडीला तर दोन्हींपैकी काहीच नसतं.

मग बाळाला घरचं काजळ चालेल का?

घरचं काजळ म्हणजे तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याचं ताट उपडं धरायचं, जमलेली काजळी खरवडून तुपात कालवायची. यात शिसं नसतं, हे मान्य. पण ते निर्जंतुकही नसतं. काजळी म्हणजे अर्धवट जळलेल्या तेलाचे कण, आणि ते आजीच्या बोटाने बाळाच्या डोळ्यात जातात. नवजात बाळांत अश्रूनळी पूर्ण उघडलेली नसणं ही सामान्य गोष्ट आहे. अशा बाळांच्या डोळ्यांना आधीच चिपडं येत असतात, वर काजळ गेलं की संसर्ग होतो. काजळाने डोळे मोठे होतात या समजुतीला काही आधार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची भूमिकाही स्पष्ट आहे : बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका.

घरातल्या मोठ्यांशी यावरून भांडण करण्याऐवजी अनेक डॉक्टर एक तडजोड सुचवतात. दृष्ट लागू नये म्हणूनच लावायचं असेल तर तीट कानामागे किंवा तळपायाला लावा. दृष्टीचं काम तिथूनही होतं.

डबी घेताना काय बघायचं?

कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि वापराची अंतिम मुदत असणं बंधनकारक आहे. आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. कटलरीच्या दुकानातल्या वीस रुपयांच्या डबीवर यातलं काय सापडतं ते एकदा बघावं. घटकांच्या यादीत थायमेरोसल, थायोमर्सल किंवा ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’ असं काही दिसलं तर तो पारा. ‘हर्बल’, ‘आयुर्वेदिक’, ‘केमिकल फ्री’ या शब्दांवरून शिशाबद्दल काहीच कळत नाही. आणि ‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ लिक्विड लायनर हा जाहिरातीत गुण असला, तरी वर पाहिल्याप्रमाणे डोळ्यासाठी तो गुण असेलच असं नाही.

केसांच्या डायने भुवया-पापण्या काळ्या करू नयेत, ही सूचना पॅराफिनिलिनडायमिन असलेल्या हेअर डायवर छापणं भारतात सक्तीचं आहे. त्यात अंधत्वाचा स्पष्ट उल्लेख असतो. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्युर’ नावाच्या पापण्यांच्या रंगात हेच रसायन होतं आणि त्याने काही महिलांची दृष्टी गेली. तिथला १९३८ चा कॉस्मेटिक कायदा येण्यामागे हे एक मोठं कारण होतं. पार्लरमध्ये भुवया ‘टिंट’ करून घेताना कोणती ट्यूब वापरली जातेय, हे जरूर बघावं.

मेकअपनंतर डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं. घरात पडून असलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत, संसर्ग असेल तर ते तो वाढवतात. डोळा बरा होईपर्यंत मेकअप बंद आणि संसर्गाच्या काळात वापरलेलं सामान कचऱ्यात. मात्र उत्पादनच सदोष असल्याचा संशय असेल तर डबी आणि बिल जपून ठेवावं. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते आणि तपासणीसाठी ती डबीच लागते. लहान मुलाला बरेच दिवस सुट्टा सुरमा लावला जात असेल तर डोळ्याला काही त्रास नसला तरी बालरोगतज्ज्ञांना तसं सांगावं. रक्तातलं शिसं तपासण्याची चाचणी मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते.